अंगकोर, शतकांच्या क्रमाने

अंगकोर म्हणजे कंबोडियातली जुन्या ख्मेर राजधानीची देवळं, आणि ती बघायला उतरायचं गाव सिएम रीप. तिथे टुकटुकवाला पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारतो: छोटी फेरी की मोठी फेरी? फ्रेंच अमलात आखले गेलेले हे दोन मार्ग अजून तसेच चालू आहेत. छोट्या फेरीत अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम. मोठीत प्रेआ खान, पूर्व मेबोन, प्रे रुप वगैरे. गाडीच्या सोयीने बघितलं तर दोन्ही फेऱ्या चोख आहेत. पण त्यात माणूस बाराव्या शतकातून तेराव्यात जातो, तिथून अचानक दहाव्यात येऊन पडतो, आणि संध्याकाळी हॉटेलवर पोचेपर्यंत सगळी देवळं एकमेकांत मिसळून गेलेली असतात. मला ती ज्या क्रमाने बांधली गेली त्या क्रमाने बघायची होती. सगळ्यात जुनं आधी. हा हट्ट पुरा करायला थोडी खटपट करावी लागते, ती कशी केली ते लिहिते.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. पर्यटक व्हिसा ३० डॉलरचा, विमानतळावर उतरूनही मिळतो, आधी ऑनलाइनही काढता येतो. आगमनाचा ऑनलाइन फॉर्म वेगळा भरायचा, तो फुकट आहे. रोजच्या व्यवहारात डॉलर सर्रास चालतात, सुटे मात्र रिएलमध्ये परत मिळतात. नोटा कोऱ्या करकरीत न्या. किंचित फाटलेली नोट कोणी हातात धरत नाही.

पासाचं गणित जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत केव्हाही वापरता येतो आणि सात दिवसांचा महिनाभरात. मधल्या आणि मोठ्या पासात फरक फक्त दहा डॉलरचा. मी डोळे झाकून सात दिवसांचा घेतला, कारण पाय दुखले की एक दिवस सोडून देण्याची मुभा हवी होती. तिकीट खिडकी देवळांजवळ नाही, गावाकडेच आहे. तिथे उभं करून फोटो काढतात, तो पासावर छापतात आणि जवळपास प्रत्येक दारावर चेहरा ताडून बघतात. दुसऱ्याच्या पासावर जायचा विचार कोणी करत असेल तर सोडून द्यावा. प्रत्येक पासातले दोन डॉलर कान्था बोफा या मुलांच्या रुग्णालयांना जातात. संध्याकाळी पाचनंतर दुसऱ्या दिवसाचा पास घेतला तर त्याच संध्याकाळी आत जाता येतं, ते वेगळं मोजत नाहीत.

टुकटुकवाले गृहस्थ माझा क्रम ऐकून गोंधळले. "मॅडम, रोलुओसची देवळं लोक शेवटी बघतात, वेळ उरला तर," ते म्हणाले. मी कागदावर सनावळी काढून दाखवली. तेव्हा त्यांनी तोच कागद उलटा करून मागे रस्त्यांचा नकाशा काढला आणि कुठे उगाच फेरा पडेल ते दाखवलं. दोन ठिकाणी मी माघार घेतली, बाकी त्यांनी मान्य केलं. भाडं फेरीवर न ठरवता दिवसावर ठरवलं, हे दोघांच्याही सोयीचं झालं.

तर पहिलं रोलुओस, सिएम रीपच्या पूर्वेला १३ किलोमीटरवर. जुनं नाव हरिहरालय. जयवर्मन दुसरा याने इ.स. ८०२ मध्ये कुलेन डोंगरावर, म्हणजे महेंद्रपर्वतावर, स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतलं आणि पुढे राजधानी इथे खाली आली. प्रेआ को हे देऊळ इंद्रवर्मनने ८७९ च्या सुमाराला पूर्वजांसाठी बांधलं. विटांची सहा शिखरं, पुढची तीन पुरुषांची, मागची तीन स्त्रियांची. समोर तीन नंदी बसलेले, तोंड देवाकडे. विटांवरचा चुन्याचा गिलावा अजून काही ठिकाणी टिकून आहे. बोट न लावता अगदी जवळ जाऊन पाहिलं, तर पानाफुलांच्या वेली आधी विटेत ढोबळ कोरून मग चुन्यात बारीक केल्याचं कळतं. शेजारचं बाकोंग ८८१ चं. इथे पहिल्यांदा देऊळ खरोखर पर्वतासारखं चढत जातं: पाच टप्पे, दगडी चढण, कोपऱ्यांवर हत्ती. वरचं शिखर मात्र बाराव्या शतकात बसवलेलं. म्हणजे माझ्या क्रमाला पहिल्याच दिवशी तडा. हरकत नाही, बाराव्या शतकातलं शिखर कसं दिसतं याचा नमुना आधीच पाहून झाला.

लोलेई (८९३) पाहायला फार कोणी थांबत नाही. एके काळी ते इंद्रतटाक या अवाढव्य तलावातलं बेट होतं. आता पाणी नाही, भातशेती आहे. दाराच्या चौकटींवर दगडात कोरलेल्या ओळी इतक्या सारख्या आणि स्वच्छ आहेत की काल कोरल्यासारख्या वाटतात. देवळाच्या सेवेत असलेल्यांच्या नावांच्या त्या याद्या आहेत.

त्यानंतर नॉम बाखेंग. यशोवर्मनने राजधानी इकडे हलवली तेव्हाची ही टेकडी. बहुतेकजण सूर्यास्ताला जातात, आणि वर एका वेळी ३०० माणसांनाच सोडत असल्याने खाली रांगेत तिष्ठत बसतात. मी पहाटे गेले. मग प्रासात क्रावान, ९२१ चं. बाहेरून अगदी साधं, विटांच्या पाच खोल्या ओळीत. मधल्या खोलीत शिरलात की भिंतीवर थेट विटेत कोरलेला त्रिविक्रम: एक पाय उचललेला, खाली लाटा. उत्तरेच्या खोलीत लक्ष्मी. साठच्या दशकात डागडुजी झाली तेव्हा नव्या विटांवर 'सीए' (कॉन्झर्व्हास्यों द'अंगकोर या संवर्धन कार्यालयाची आद्याक्षरं) अशी अक्षरं उमटवून ठेवली, जुनं कोणतं आणि नवं कोणतं ते कळावं म्हणून. इतका प्रामाणिकपणा डागडुजीत क्वचित दिसतो.

बांतेय स्रेई (९६७) बाकी देवळांपासून लांब आहे, अर्धा दिवस जातो. ते राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या विद्वान दरबाऱ्याने बांधलं. गुलाबी दगडातलं काम इतकं बारीक की फोटोत ते मोठ्या देवळासारखं भासतं आणि समोर उभं राहिल्यावर दारं आपल्या खांद्याला लागतात. रावण कैलास हलवतोय तो प्रसंग बघाच. माकडांपासून ऋषींपर्यंत कोण किती घाबरलंय ते वेगवेगळं कोरलंय.

बाफुओन अकराव्या शतकाच्या मध्यातलं. फ्रेंचांनी सुट्या करून क्रमांक घातलेल्या जवळपास तीन लाख दगडांच्या नोंदी ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात गेल्या, आणि ते कोडं परत जुळवत २०११ उजाडलं. एवढंच सांगते, कारण खरा वेळ मला पुढे द्यायचा होता.

अंगकोर वाटला सूर्योदयाची गर्दी तळ्याकाठी असते. ती उजाडल्यावर नाश्त्याला पांगते, आणि नेमकी तीच वेळ बाहेरच्या ओवरीतले कोरीव पट बघायची. दुसऱ्या सूर्यवर्मनचं, बाराव्या शतकातलं, विष्णूचं देऊळ, पण तोंड पश्चिमेला. आत शिरून उजवीकडे वळायचं आणि देऊळ डाव्या हाताला ठेवून चालायचं. म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. हे देऊळ राजाच्या मरणोत्तर पूजेसाठी असावं असं काही अभ्यासक म्हणतात त्याचं हेही एक कारण. राजाचं मरणोत्तर नाव परमविष्णुलोक.

पहिलाच पट कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, मध्ये हातघाई. शरपंजरी भीष्म डावीकडे वर सापडतात. शोधायला बॅटरी नको, तिरपा उजेड हवा. खालचे काही भाग असंख्य हात फिरून काळे तुकतुकीत झालेत. पुढे दक्षिणेला सूर्यवर्मन स्वतः सैन्यासकट, मग स्वर्ग आणि नरक. पूर्वेला वळलं की समुद्रमंथन, सुमारे ४९ मीटर लांब. इथे घाई केली तर सगळं वाया. असुरांचे डोळे गोल, देवांचे बदामी. मंदाराजवळ पाण्यातले मासे बघा: जितके मध्याच्या जवळ, तितके घुसळणीने चिरफाळलेले. कडेचे मासे शांत पोहतायत. हा सगळा पट मी दोनदा चालले, एकदा भिंतीला लागून आणि एकदा मागे खांबांपाशी उभं राहून.

वर बाकानमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या टप्प्यावर, जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, वरून ओढणी घेतलेली चालत नाही. बौद्ध सणवाराच्या तिथींना ते बंद असतं, म्हणून तिथी आधी विचारून घ्यावी.

११७७ मध्ये चाम लोकांनी (आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्यातल्या) राजधानी लुटली, ११८१ मध्ये सातवा जयवर्मन गादीवर आला, आणि बांधकामाचा झपाटा सुरू झाला. क्रमाने आल्याचा फायदा इथे जाणवतो: कारागिरीत घाई दिसते, सांधे ढिले दिसतात, आणि देव बदललेला असतो: विष्णू-शंकराच्या जागी आता बुद्ध. ता प्रोम (११८६) आईसाठी, प्रेआ खान (११९१) वडिलांसाठी. ता प्रोमच्या शिलालेखात १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे, पण लोक झाडांच्या मुळांचे फोटो काढून निघतात. बायोनचे चेहरे सगळे बघतात. मी बाहेरच्या भिंतीवरच रमले: मासळी विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, बाळंतपण, आणि नावेच्या लढाईत पाण्यात पडलेल्या चाम सैनिकाकडे वळलेल्या मगरी.

क्रमाप्रमाणे शेवटचा मुक्काम परत अंगकोर वाटला होता. ईशान्य कोपऱ्यालगतचे दोन पट सोळाव्या शतकातले, १५४६ ते १५६४ च्या दरम्यान राजा आंग चानच्या काळात कोरले गेले. राजधानी तिथून हलून शतक उलटलं होतं. उत्तरेच्या पटात बाणासुराशी युद्ध: गरुडावरचा कृष्ण पुन्हा पुन्हा येतो, आणि शेवटी शंकरापुढे गुडघे टेकतो. काम सपाट आणि ओबडधोबड आहे, मार्गदर्शक लोकांना इथून पळवतच नेतात. मला मात्र जुन्या भिंतीवरची रिकामी जागा भरायची हिंमत कोणीतरी चारशे वर्षांनी केली याचं जास्त कौतुक वाटलं. इथून पूर्वेचा दरवाजा जवळ आहे, तेव्हा टुकटुक तिकडेच बोलवून घ्यावी. पश्चिमेच्या पुलावरची उन्हातली पायपीट वाचते.