पट्टे मोजताना

आमच्या घरातलं कीटकांचं वर्गीकरण फार सोपं आहे. गोडावर बसते ती माशी, कानाशी गुणगुणतो तो डास आणि उरलेल्या सगळ्या गांधीलमाश्या. ही पद्धत सासूबाईंची, आणि तिला केरसुणीचा भक्कम पाठिंबा आहे. त्यामुळे गेल्या आश्विनात कोथरूडच्या आमच्या गॅलरीतली तुळस मंजिऱ्यांनी भरली, तेव्हा तिच्यावर भिरभिरणारं जे काही होतं तेही गांधीलमाशीच ठरलं.

मला मात्र आवाज वेगळा वाटला. बारीक, चढा, शिलाई मशीन एकदम वेगात सुटावं तसा. फुलाशी हवेत थबकायची, जीभ घालायची, आणि मी वाकून बघेपर्यंत पुढच्या मंजिरीवर. अंगाने मधमाशीएवढीच, पण जरा गुबगुबीत. छातीवर तपकिरी लव, काळ्या पोटावर निळे पट्टे. उन्हात आली की फिरोजी, सावलीत गेली की नुसते राखी.

शोधाशोध केल्यावर कुळीचं नाव मिळालं, ॲमेगिला. ही एकांडी माशी. हिला राणी नाही, पोळं नाही, मध नाही. प्रत्येक मादी आपलं बीळ आपण उकरते, जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत. एकेका कप्प्यात पराग आणि मकरंदाचा लगदा, त्यात एक अंडं, की कप्पा बंद. हे वाचलं आणि माहेरचा शनिवार पेठेतला वाडा आठवला. त्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीला पेन्सिलीच्या जाडीची भोकं होती आणि दुपारभर आम्ही त्यांत खराट्याच्या काड्या घालत बसायचो. कुणाच्या घरात काडी घालतोय, याचा पत्ता नव्हता. आता त्या जागी सहा मजले आहेत.

आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी अशी छान नावं आहेत, पण ती मध देणाऱ्यांना. पुण्यात तर मधमाश्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्थाच १९६२पासून आहे. या निळ्या बाईला घरात कुणी नाव ठेवलं नाही, कारण ती बरणीत काही घालत नाही. खरं तर वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातला पराग नुसतं बसून निघत नाही. फूल धरून अंग थरथरवावं लागतं. ते हिला जमतं, मध देणारीला जमत नाही.

तर, पट्टे. नराला पाच, मादीला चार, असं वाचलं होतं. मोजायचे कसे? फोनमध्ये चाळीस फोटो जमले, सगळे तुळशीचे. त्यातच एकदा निळे पट्टे नसून निळे ठिपके असलेली एक आली. आधी वाटलं, डोळ्यांचा दोष. पण ती थायरियस, वेगळ्याच कुळीची. हिच्या पायांवर पराग गोळा करायचा केसांचा झुपका नसतो, कारण गोळा करायचाच नसतो. पट्टेवालीच्या बिळात अंडं घालून ही मोकळी. शिदोरी तिची, खाणारं पोर हिचं. कोकिळेचा नवरा निदान गातो तरी!

पट्टे मोजायची संधी आली ती दिवेलागणीला. सासूबाई सुकलेल्या मंजिऱ्या खुडत होत्या आणि मी ओरडले, ‘‘अहो आई, थांबा!’’ एका वाळक्या काडीला सहाजण जबड्याने धरून आडवे लटकले होते, पाय अंगाशी घेऊन, गाढ झोपलेले. हे नर; बीळ बायकांचं असल्यामुळे यांची रात्र अशी बाहेर. टॉर्च धरून मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. नेमकी जात कुठली हे सांगायला सूक्ष्मदर्शकच लागतो म्हणतात, पण मला तेवढ्याने फार आनंद झाला.

सासूबाईंनी चष्मा आणून स्वतः खात्री केली. बाकी सगळ्या मंजिऱ्या खुडल्या, ती एक काडी ठेवली.

परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते. गॅलरीतून हाक आली, ‘‘अगं, आज चारच आहेत!’’

चार? म्हणजे मादी, आणि काडीवर? तशीच भरल्या हाताने धावले.

‘‘पट्टे नव्हे गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘चारजण. दोघं अजून आले नाहीत.’’