हिरवी बी

शनिवार, ११ जानेवारी

वाइन-बिअर चाखायला शिकवणाऱ्या वर्गाच्या फॉर्मवर ‘पूर्वानुभव’ असा एक रकाना होता. आधी ‘नाही’ लिहिलं. मग वाटलं, माहेरी पाच वर्षं दीड एकर शिराज, म्हणजे वाइनच्या काळ्या द्राक्षांची बाग होती, ती कशात धरायची? शेवटी रकाना कोराच ठेवला.

गंगापूर रोडला एका बेकरीच्या वर हॉल आहे. चार शनिवार, दुपारी चार ते सहा. तीन वेळा वाइन, एकदा बिअर. आम्ही बारा जण. खालून ताज्या पावाचा वास येत होता आणि मॅडम त्यावर मनातून वैतागलेल्या दिसत होत्या. परफ्यूम लावू नका, तासभर आधी कॉफी पिऊ नका, असा मेसेज आला होता. केसांच्या तेलाबद्दल काही नव्हतं. माझ्या आवळ्याच्या तेलाने शेजारच्या दोघांना वाइनचा वास येईना, तेव्हा मला उचलून खिडकीपाशी बसवलं.

पेला दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा. गोल फिरवायचा, नाक आत घालायचं. मग घोट, तोंडभर घोळवायचा, आणि थुंकायचा. त्यासाठी प्रत्येकापुढे स्टीलचा उंच डबा. आजोबांची पितळी पिकदाणी आठवली. चारचौघांत थुंकू नये हे सत्तेचाळीस वर्षं अंगात मुरलेलं. पहिला घोट मी गिळून टाकला, दुसरा अर्धा हनुवटीवर आला.

सोव्हिन्यों ब्लांक नावाच्या पांढऱ्या वाइनच्या वेळी मॅडम म्हणाल्या, “गूजबेरी येते का बघा.” सगळ्यांनी मान डोलावली. मीही. मग एका मुलाने विचारलं, गूजबेरी म्हणजे आवळा ना? नाही, ते वेगळं फळ. खोलीतल्या एकानेही ते खाल्लेलं नव्हतं. मग बारा माना कशाला डोलल्या?

मला त्या पेल्यात नुकती चिरलेली ढोबळी मिरची येत होती. सांगावं की नाही या विचारात पाच मिनिटं गेली. सांगितल्यावर मॅडम खूश झाल्या. पायराझिन नावाची द्रव्यं या द्राक्षात असतात, ढोबळीतही तीच. म्हणजे वाइनमध्ये मिरची घातलेली नाही, पण नाकाला भास झाला असंही नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

तीळ भाजताना वास तीनदा बदलला. आधी ओल्या मातीसारखा, मग शेंगदाण्याकडे झुकलेला, मग एकदम तिळाचा, आणि त्यापुढे अर्ध्या मिनिटात जळका. पंचवीस वर्षं दर संक्रांतीला भाजतेय आणि आज पहिल्यांदा मोजलं. गूळ मात्र नेहमीसारखाच कडक झाला.

शनिवार, १८ जानेवारी

आज लाल. मॅडमनी फ्रान्समधल्या बोर्दोतला एक प्रयोग सांगितला. फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, नंतर तीच लाल रंग घालून दिली. २००१ साली निष्कर्ष छापले. लाल दिसणाऱ्या वाइनचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्याच शब्दांत केलं होतं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. गेल्या शनिवारी गूजबेरीला मान डोलावणारी मीच होते.

दुसरी गोष्ट मला माहीत होती, फक्त ती इथे धडा म्हणून शिकवतात हे माहीत नव्हतं. काळ्या द्राक्षाचा रस काळा नसतो. गर पांढुरकाच. रंग सालीत असतो, म्हणून लाल वाइनला रस सालींसकट आंबवतात. पांढरीला साली आधीच बाजूला. त्या साली आणि बिया यांतून जे जिभेवर ओढल्यासारखं, कोरडं कोरडं येतं ते टॅनिन. मॅडम म्हणाल्या, कडक चहा आठवा.

मला नाना, माझे वडील, आठवले. तोडणीच्या आधी बागेत फिरताना ते शिराजचा मणी तोंडात टाकायचे, गर गिळून साल चावत राहायचे आणि म्हणायचे, “अजून लई ओढतंय.” मग बी तळहातावर काढून बघायचे. हिरवी असली की मान हलवायची. तपकिरी झाली, दाताखाली शेंगदाण्यासारखी कुडकुडली, की माल झाला. रिफ्रॅक्टोमीटर खिशात असायचाच, त्यात बावीस, तेवीस, चोवीस ब्रिक्स दिसायचं. पण त्याने फक्त साखर कळते, असं त्यांचं म्हणणं.

हे मी वर्गात बोलले नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. शेजारचा मुलगा त्याच वेळी ‘जुन्या चामड्याच्या’ वासाबद्दल बोलत होता आणि मध्ये तोंड घालावंसं वाटलं नाही, हे एक कारण.

शनिवार, २५ जानेवारी

षट्‌तिला एकादशी. नानांचा उपास आणि मी बिअरच्या वर्गाला. घरातून निघताना नवरा म्हणाला, “बिअर उपासाला चालते का, विचारून ये.” त्याला असल्या गोष्टी अचूक वेळी सुचतात.

आजचा दिवस मात्र सगळ्यांत मजेचा गेला. बिअर म्हणजे सातू, हे कळल्यावर निम्मं परकेपण गेलं. सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, भाजायचा. नाचणीचं सत्त्व करताना आपण करतो त्याच पायऱ्या. आपण दळून बाळाला भरवतो, ते गरम पाण्यात गोडवा उतरवून आंबवतात. मॅडमनी चार वाट्यांत चार भाजणीचे सातू चाखायला दिले. फिकट गोडसर होता, शेवटचा काळा कुळकुळीत आणि कॉफीइतका कडू. मधल्या वाटीला आईच्या सातूच्या पिठाच्या डब्याचा वास होता. ती मी परत परत उचलत होते.

कडवटपणा हॉप्सचा. वेलीची फुलं, बोराएवढी, कागदासारखी हलकी. चुरगळून हुंगली तर आंब्याच्या चिकासारखा काहीतरी वास. आपल्या देशात ही वेल लाहौलच्या थंडीत होते.

मग गव्हाची बिअर, जर्मन पद्धतीची. पिकलेलं केळं आणि लवंग, दोन्ही इतकं स्पष्ट की मी पेल्याच्या तळाशी लवंग शोधली. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. १५१६ च्या बव्हेरियाच्या फर्मानात बिअरला पाणी, सातू आणि हॉप्स एवढंच घालायची परवानगी होती. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काय काम करतं हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. केळं घालणारा यादीतच नव्हता म्हणायचा.

शेवटी बिघडलेल्या बिअर. एक हिरवी बाटली दोन दिवस मुद्दाम उन्हात ठेवलेली. उजेडाने हॉप्समधलं द्रव्य बदलतं आणि घाण वास सुटतो, म्हणून बहुतेक बाटल्या तपकिरी असतात. पुस्तकात या वासाला स्कंक म्हणतात. तो प्राणी इथे कोणी पाहिलेला नाही, म्हणजे परत गूजबेरीच. मी लिहिलं : जळका रबर. दुसरी नुसती जुनी झालेली. त्याला ‘भिजलेला पुठ्ठा’ म्हणतात, आणि इथे मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. आमच्या बँकेची रेकॉर्ड रूम, ऑगस्ट महिना. त्या वासात मी तेवीस वर्षं नोकरी केली आहे.

रविवार, २६ जानेवारी

आज ड्राय डे. सकाळी झेंडावंदन आटपून निफाडला गेले. पहाटे कडाका होता, बागेत शेकोट्यांची राख अजून गरम होती. थंडीने पिकत आलेले मणी तडकतात, म्हणून दादा तीन वाजल्यापासून जागा.

नानांना वर्गाबद्दल सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. वहिनीने जेवतानाच सांगून टाकलं. नाना माळकरी. काही बोलले नाहीत, भाकरी मोडत राहिले.

दुपारी ते बागेत निघाले, मी मागे. २००१ साली सरकारने वाइनचं धोरण आणलं, आमच्याच तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झालं, आणि २००५ मध्ये नानांनी थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, दीड एकर बाग काढून शिराज लावली. गळ्यात माळ आणि दारूची बाग, असं गावात बोललं गेलं. नाना म्हणायचे, मी द्राक्षं पिकवतो. सुरुवातीला पैसेही बरे झाले. मग २००८ च्या अखेरीला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, खप घसरला. पुढच्या हंगामात माल तयार झाल्यावर ज्या वायनरीशी करार होता तिथून निरोप आला, यंदा माल नको. आधीच्या वर्षाचे पैसे अडकलेले ते वेगळेच. खायची द्राक्षं निदान बाजारात विकता येतात. शिराजचा मणी बारीक, जाड सालीचा, आत बिया. त्याला ना व्यापारी हात लावतो, ना त्याचा बेदाणा होतो. ट्रॉल्या भरभरून गुरांपुढे टाकला. शेवटी शेवटी गुरंही तोंड लावीनात. २०१० मध्ये जेसीबी आणून बाग उपटली. एकट्या आमचीच नव्हे, त्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यात पुष्कळांनी उपटल्या.

बांधाला एक खुंट राहिलाय. दर वर्षी फुटतो. मी हौसेने म्हटलं, “नाना, एक तरी शिराज राहिली की!”

“शिराज कुठली? कलमाच्या खालून फुटलंय ते. डॉगरिज. निव्वळ जंगली. त्याला कशाची द्राक्षं?”

“मग काढत का नाही?”

“शेळ्या खातात पाला.”

परत येताना, विहिरीपाशी, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “कशी लागते गं ती?”

“काय?”

“शिराजची.”

शिराज अजून आलीच नव्हती, ती शेवटच्या वर्गात होती. म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगते.

शनिवार, १ फेब्रुवारी

शिराज.

पेला खाली ठेवून मॅडम म्हणाल्या, आता मिरे शोधा. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराजमधलं रोटंडोन नावाचं द्रव्य शोधून काढलं. काळ्या मिऱ्याच्या वासामागेही तेच. मी नाक घातलं. जांभूळ होतं, थोडा धूर होता. मिरे नव्हते. आजूबाजूला सगळ्यांना येत होते, अगदी त्या चामडंवाल्यालाही. मी पेला पुन्हा फिरवला, तळव्यांत धरून कोमट केला, खिडकीबाहेर डोकं काढून आले आणि परत हुंगला. काही नाही.

मान डोलवायचा मोह झाला. डोलवली नाही. म्हटलं, मला येत नाहीत. मॅडम म्हणाल्या, पाचातल्या एकाला हा वास येतच नाही, नाकाची घडणच तशी असते. आम्हा बारांत आणखी एक निघाली. ज्या द्राक्षासाठी मी हा सगळा खटाटोप केला, त्याची नेमकी ओळखच माझ्या नाकाला बंद. घरी येताना रिक्षात जरा रडू आलं. थुंकायचं सोडून गिळलं होतं, त्याचाही हात असेल.

मग नानांना फोन लावला. काय सांगणार होते, ठरवलं नव्हतं. जांभळाचा वास आहे म्हटलं. बरं, म्हणाले. धूर? तो लाकडाच्या पिंपाचा असेल गं, म्हटलं. हं.

“आणि तोंडात?”

“ओढते. साल चावल्यावर तुम्ही म्हणायचा ना, तशी ओढते.”

“कुठं ओढते? जिभेला का दाताला?”

याचा मी विचार केला नव्हता. डोळे मिटून आठवलं. “हिरड्यांना. आणि मागाहून कडू होते. हिरवट कडू. कच्च्या लिंबाची बी चावल्यासारखी.”

नाना थोडा वेळ गप्प. मागे दादाच्या फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता.

“साखर आली म्हणून तोडलाय माल,” ते म्हणाले. “बी हिरवीच होती. गाडी आली असंल दारात, तोडा म्हणले असतील. आठ दिवस थांबायला पायजे होतं.”

एवढं बोलून त्यांनी विचारलं, तिकडं थंडी किती आहे.