जवळा घातलेल्या नूडल्स: पावसातली सहा आठवड्यांची नोंद

मंडळी, पाकिटातल्या झटपट नूडल्समधून स्वस्तात पोटभर जेवण करायचा आपला प्रयोग चालू आहे; मागच्या नोंदीत गाडी अंडं आणि कोबीपर्यंत आली होती. पोट भरत होतं, पण जेवल्यासारखं वाटत नव्हतं. आता जुलैचा मध्य. मालवणात पाऊस नुसता कोसळतोय, खोलीत एकच शेगडी, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असल्यामुळे ताज्या मासळीचं नावच नाही. घरमालकीण काकींनी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेल्या डब्यातला जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) मी मागितला, तेव्हापासून या प्रयोगाला चव आली.

पहिला डाव पूर्ण फसला. उकळत्या पाण्यात मूठभर जवळा, पाकिटातला सगळा मसाला आणि नूडल्स, सगळं एकदम टाकलं. दाताखाली वाळू कचकच करायला लागली, खारट तर असं की घोटभर पाणी पिऊन ताट बाजूला सारलं. वास शेजारी गेला. काकी दारातूनच ओरडल्या, "रे मेल्या, जवळो आधी कोरडो भाज, मगे पाण्यात घाल!"

तेव्हापासून तेच करतो. जवळा मंद आचेवर कोरडाच भाजायचा. बोटांत चुरला की कुरकुर वाजला पाहिजे. मग सुपात (माझ्याकडे सूप नाही, स्टीलची ताटली चालते) पाखडून मिशा, डोळे आणि बारीक वाळू उडवायची, एकदा झटकन पाण्यातून काढायचा. भिजत मात्र ठेवू नका, सगळा गोडवा पाण्यात जातो.

पाकिटातल्या मसाल्याच्या पुडीत मीठ असतंच, जवळाही खारट, म्हणून तो खारटपणा; शिवाय एकच चव दोनदा पडत होती, हे उशिरा कळलं. बऱ्याच पाकिटांवर घटकांच्या यादीत ६३५ हा आकडा असतो. चव वाढवणाऱ्या दोन क्षारांचं ते मिश्रण, आणि त्यातला एक म्हणजे इनोसिनेट. या इनोसिनेटची चव शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली जपानात ओळखली, तीही सुकवलेल्या बोनिटो माशातून, म्हणजे आपल्या कुप्याच्या (ट्यूना) भाऊबंदातून! थोडक्यात, पुडीतली चव मुळात सुक्या मासळीतूनच निघालेली. म्हणजे जवळ्यावर अख्खी पुडी ओतणं म्हणजे आमटीत दोनदा मीठ घालणं. आता पाव पुडी घालतो, वरून अर्धा चमचा मालवणी मसाला, आणि मीठ अजिबात नाही.

दुसरी खोड तेलाची. या नूडल्स आधी वाफवतात, मग तेलात तळून वाळवतात. मोमोफुकु आंडो यांनी १९५८ मध्ये बाजारात आणली ती हीच पद्धत. तळताना आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडते आणि बारीक छिद्रं राहतात, म्हणून नंतर गरम पाणी झपाट्याने आत शिरतं. पण तेलही आतच मुरतं. ७० ग्रॅमच्या पाकिटामागचा तक्ता बघा, दहा ग्रॅमच्या आसपास तेल निघेल. मी मात्र वर दोन चमचे तेलाची फोडणी देत होतो आणि जीभ तुपकट का होते म्हणून तिखट वाढवत होतो. तिखटाने काही होत नाही. लागतं आंबट. फोडणी एक छोटा चमचा खोबरेल, त्यात ठेचलेल्या लसणीच्या चार पाकळ्या आणि अर्धा कांदा, मग जवळा, मसाला, दीड कप पाणी आणि दोन आमसुलं. उकळी आली की नूडल्स, दोन मिनिटं, खलास. आमसुलं घातली त्या दिवशी पहिल्यांदा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

नारळाच्या रसाने मात्र दोन रात्री रडवलं. सोलकढीत कोकम आणि रस सुखाने नांदतात, म्हणून बिनधास्त रस ओतून उकळलं. फुटला. पाण्यावर गुठळ्या तरंगायला लागल्या. सोलकढी थंड असते हे डोक्यातच आलं नाही. आंबट आणि उकळी एकत्र आली की रस टिकत नाही. आता गॅस बंद करतो, मिनिटभर थांबतो, मग दोन-तीन चमचे जाड रस फिरवतो. फुटत नाही. नूडल्सवर नारळाचा रस कसला, असं कुणी म्हणेल, तर त्याने शिरवाळे आठवावेत. तांदळाच्या त्या शेवया आपण गोड रसात बुडवूनच खातो ना?

तिरफळाबद्दल (माशाच्या कालवणात घालतात ते वासाचं फळ) मागच्या नोंदीवर दोघांनी विचारलं होतं. दोन तिरफळं बिया काढून, जरा ठेचून घातली. पुडीतल्या धणे-जिऱ्याशी त्यांचं अजिबात जमलं नाही, औषध प्यायल्यासारखं झालं. पुडी पूर्ण वगळून, नुसतं मिरची-हळद-आमसूल आणि तिरफळ असं केलं, तेव्हा बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे तिखट-आंबट कालवणाची, आठवण आली. पण मग ती पुडी फुकट जाते, आणि स्वस्तात जेवण हाच तर आपला पण आहे. पुड्या बरणीत साठवतोय, सध्या सात झाल्या. उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरवल्या तर बऱ्या लागतात.

नूडल्स उकळलेलं पहिलं पाणी फेकून देण्याचा उपाय काहींनी सुचवला होता. तेल कमी होतं खरं, पण रस्सा पाणचट होतो. मला नको.

हिशेब: नूडल्सचं पाकीट, अर्धा कांदा, आमसुलं, जवळा, रसापुरता नारळ, सगळं तीस रुपयांत बसलं, नारळ काकींनी दिला तर त्याहून कमी. आठळ्या (फणसाच्या बिया) उकडून ठेवल्यात, उद्या त्या चिरून रस्श्यात टाकतो. जवळा अजून वाटीभर उरलाय.