पितृपक्षातली सहल

सहल ठरवायला बसलो, की आमच्या नागपुरात पहिले नाव चिखलदऱ्याचे निघते आणि दुसरे पचमढीचे. अडचण एवढीच, की ती नावे त्याच दिवशी, त्याच सुट्टीसाठी शहरातल्या इतर हजारो घरांतही निघालेली असतात. पंधरा ऑगस्टला जोडून रविवार आला, की चिखलदऱ्याच्या घाटात गाडीत बसून पुढच्या गाडीचा नंबर पाठ करावा लागतो, आणि श्रावणात नागपंचमीच्या आधी पचमढीला जायचे, तर नागद्वारच्या यात्रेला निघालेला निम्मा विदर्भ आपल्या सोबतीला असतो. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद, आणि उघडल्यावर एका वाघामागे किती जिप्सी उभ्या राहतात, हे मी एकदा मोजायला घेतले आणि कंटाळून सोडून दिले.

गर्दी नको असेल, तर जागा नव्हे, तारीख शोधावी, हे मला फार उशिरा कळले. भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून मी एकेक सुट्टी, चतुर्थी, लग्नाची तिथी आणि परीक्षा खोडत गेलो. गणपती विसर्जन आणि घटस्थापना यांच्यामधला जो पंधरवडा कोणालाच नको असतो, तोच तेवढा कोरा उरला.

“पितृपक्षात कोणी फिरायला जातं का?” आईने विचारले. सहल म्हणजे काही शुभकार्य नव्हे, असे मी म्हणालो. त्यावर तिने वडिलांची तिथी अष्टमीला आहे एवढीच आठवण करून दिली आणि, मला वाटले होते त्याहून बरीच लवकर, स्वतःची पिशवी भरायला घेतली.

एका बुधवारी आम्ही कामठी-मनसरमार्गे रामटेककडे निघालो. त्रिपुरी पौर्णिमेला जिथे मुंगीला वाट मिळत नाही, त्या गडावर त्या दिवशी माकडेच जास्त होती. पण मला ओढ होती ती पलीकडच्या नगरधनची. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी ती हीच, असे अभ्यासक मानतात. काही वर्षांपूर्वी इथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा सापडली. वजन जेमतेम सहा ग्रॅम, त्यावर ब्राह्मी अक्षरांत तिचे नाव आणि शंखाची आकृती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलांच्या वतीने राज्य चालवत होती, आणि तिच्या अधिकाराची खूण चिमटीत मावेल एवढी! ही गोष्ट मी आईला किल्ल्याच्या तटाशी उभे राहून सावकाश, दोनदा सांगू शकलो. मागून कोणी “जरा सरका” म्हणाले नाही.

भादव्याचे ऊन चांगलेच चटकत होते. भोवतालच्या बांध्यांतला धान निसवायला आला होता. किल्ल्यातल्या पायऱ्या उतरून आईने कोटेश्वरी देवीसमोर हात जोडले. वर आलो, तर तटाच्या सावलीत शेळ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने आमच्याकडे जराशा कीवेने पाहिले.

“आत्ता काहून आले जी? आता काय आहे इथं? घट बसल्यावर या. पाय ठेवाले जागा नाही राहत.”

आईने चष्मा पुसला आणि मला विचारले, “घट कितव्या तारखेला बसतात रे?”