मिठावर पाय

अमेरिकेतल्या सिरॅक्यूजला निघताना थर्मल घेतले, लोकरीचे मोजे घेतले, लेकीसाठी सुका जवळा घेतला. आजीची शिकवण तेवढी घरी ठेवून जायला हवी होती, ती बरोबर आली. मिठाला पाय लावायचा नाही.

आम्ही उरणचे. बाबा मिठागरात कामाला. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. पण घरात चिमूटभर मीठ सांडलं तरी आजी ओरडायची, "मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागेल!" अशा घरातली मी जानेवारीत लेकीच्या विद्यापीठात पोचले, तर पायऱ्यांवर मीठ, फुटपाथवर मीठ, बसथांब्यावर मीठ. बर्फ वितळावा म्हणून टाकलेले करडे, हरभऱ्याएवढे खडे. एवढं पापण्यांनी वेचायला किती जन्म लागतील, याचा मी खरंच हिशोब करत होते.

"आई, मिठावरूनच चाल हं," असं बजावून लेक वर्गात गेली. विद्यापीठ टेकडीवर, म्हणजे चढ-उतार आलेच. एका उतारावर मधोमध मिठाचा पट्टा होता आणि कडेला काळंभोर, ओलसर, स्वच्छ डांबर. पाय आपसूक कडेला वळले. ते डांबर ओलं नव्हतं. त्यावर काचेसारखा पातळ बर्फ होता, दिसतच नाही मेला! दुसऱ्या पावलाला मी धाडकन बसले ती चार हात घसरत गेले.

मीठ टाकणारा एक म्हातारा बादली घेऊन धावत आला. हाताला धरून उठवलं, लागलं का विचारलं आणि मग बादलीतलं मूठभर मीठ माझ्या पायांभोवती गोल टाकलं. क्षणभर मला वाटलं, दृष्ट काढतोय. मी हातच जोडले. तो बिचारा गोंधळला, मग हसला आणि त्यानेही बादली खाली ठेवून हात जोडले. कंबर पुढे आठवडाभर दुखत होती.

नायगारा पाहिला. छान आहे.

इथे बर्फ पडतो तो ऑन्टॅरिओ सरोवराच्या कृपेने. गार वारा त्या उघड्या पाण्यावरून वाफ उचलून आणतो आणि गावावर ओततो, एका हिवाळ्यात साधारण दहा फूट. आणि मीठही सगळ्या थंडीत चालत नाही. पारा उणे नऊच्या खाली गेला की त्याचा जोर ओसरतो. मधे दोन दिवस उणे सोळा होतं, तेव्हा खडे जसेच्या तसे पडून होते. वर वाळू टाकली, तीच कामाला आली.

तक्रार एकच, बुटांची. लेकीने घेऊन दिलेल्या महागड्या बुटांवर पांढरे नकाशे उठले. पाण्यात व्हिनेगर घालून रोज पुसायचे, घरभर लोणच्याच्या बरणीसारखा वास.

गंमत म्हणजे हे गाव मिठावरच उभं राहिलंय, टोपणनावच 'सॉल्ट सिटी'. ओनोन्डागा तळ्याकाठी खारे झरे होते. ते पाणी कढयांत आटवायचे, नाहीतर लाकडी हौदांत उन्हात वाळवायचे. पाऊस आला की हौदांवर सरकती छपरं ओढायची. बाबांना हे सांगायला हवं होतं. अवकाळी पावसाने पिकलेलं मीठ विरघळताना ते नुसते बघत बसायचे. मिठाच्या कामावरचे आयरिश मजूर त्याच खाऱ्या पाण्यात छोटे बटाटे उकडून खायचे. तसे बटाटे लेकीने केले, वर वितळलेलं लोणी. मी सात खाल्ले.

आता रस्त्यावरचं मीठ खाणीतलं. तासा-सव्वा तासाच्या अंतरावर कयूगा तळ्याखाली दोन हजार फुटांहून खोल खाण आहे. वसंतात हे सगळं वितळून ओढ्यांत, तळ्यांत जातं आणि गोड्या पाण्यातून ते परत काढता येत नाही. आमच्याकडे समुद्रातून मीठ काढायचं, इथे गोड्या पाण्यात सोडायचं. हे काही मला पटलं नाही. पण पडलेल्या बाईने काय बोलावं!

निघायच्या दिवशी पायऱ्यांवर ताजं मीठ होतं. मी बरोबर मधून उतरले, करकर आवाज करत. खाली टॅक्सीपाशी बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने वाकले, एका खड्याला बोट लावलं आणि ते कपाळाला टेकवलं.

"आई, मी बघितलं," मागून लेक म्हणाली.