एक जूनचा इसम

३ जून, रात्री

'इसम'. दिवसभर हा एकच शब्द दातात अडकलाय.

सकाळी निरीक्षणगृहात गेले, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे, तर रजिस्टरात परवा एक जूनला कागदोपत्री अठरा पूर्ण झालेल्या माझ्या फायलीतल्या पोराच्या ओळीतलं 'बालक' लाल पेनाने खोडून वर 'इसम' लिहिलेलं. एक रेघ पुरली नाही, दोन मारल्यात. मी लिपिकांवर चढलेच. म्हटलं, चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाली तरी तो बालकच समजायचा, बाल न्याय कायद्याचं कलम ५ वाचा. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरायचं, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "मॅडम, ते बाल न्याय बोर्डापुढे बोला. इथे बारा वर्षांच्या पोरांत हा मिशीवाला कुठे झोपवू?" आणि शिक्के मारत बसले. त्यांचंही खोटं नाही. त्याला घेऊन गाडी काल दुपारीच गेली होती, ऑर्डर रीतसर.

जेल नाही, कोठडी नाही, तिथे त्याला नेताच येत नाही. नेलं 'प्लेस ऑफ सेफ्टी'त, अठरा ओलांडलेल्यांना ठेवतात त्या सुरक्षित जागी. राज्यात अशी किमान एक जागा हवी, असं कलम ४९ म्हणतं. ती आईच्या गावापासून किती एसट्या बदलून यावी, हे कुठल्याच कलमात नाही.

भांडून बाहेर आले, चहा घेतला आणि मग पोटात गोळा आला. माझा, परिवीक्षा अधिकाऱ्याचा, अहवाल.

सामाजिक तपासणीचा अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. मी फेब्रुवारीत गृहभेटीला गेले, घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, कोयत्याला गेलीत, पट्टा पडल्याशिवाय येत नाहीत. म्हणजे ऊसतोडीला, हंगाम संपेपर्यंत. 'घर बंद' लिहून परतले. जामिनाला बोर्डाची ना नव्हती, पण पोरगं सोडायचं कोणाच्या हवाली? पट्टा पडला मार्चअखेर. मी गेले मेच्या मध्यात. मधे बबलीचं लग्न, मग ऊन, मग प्रवासभत्त्याची बिलं मंजूर होत नाहीत म्हणून रुसवा. शंभरावर फायली, एकटी मी, आठवड्यातून दोनदा बोर्ड, पायाला हे असं. माझं कोण बघतं?

केस किरकोळ असती तर चार महिने आणि वाढीव दोन अशा सहा महिन्यांत आपोआप बंद झाली असती. त्याची गंभीर गटातली, म्हणून मुदतवाढ. तीही एका अर्थी माझ्यामुळेच.

एप्रिलमध्ये गेले असते तर.

आणि वय म्हणजे काय, तर शाळेच्या दाखल्यावरची १ जून. कायदा आधी दाखलाच बघतो, हाडांची तपासणी अगदी शेवटी. आई म्हणते, फडात झाला, संक्रांतीच्या पुढेमागे, थंडी लई होती. कोणती संक्रांत, ते तिला सांगता येत नाही. गुरुजींनी नाव घालताना शाळा सुरू होण्याच्या बेताने तारीख टाकून दिली. मी बोटांवर मोजलं: एका संक्रांतीने तो साडेचार महिन्यांपूर्वीच अठराचा झाला, दुसरीने अजून साडेसात महिने बाकी आहेत. म्हणजे परवा नेमकं काय झालं? काहीच नाही. गुरुजींचं अक्षर अठरा वर्षांचं झालं.

आमच्या घरात बाबा एक जूनवाले, काका एक जूनवाले. आजी सांगायची, बाबा नागपंचमीचे. ३१ मेला ऑफिसात तिघं एकदम रिटायर झाले, तिघेही तसेच. शाल, नारळ, फोटो, 'अजून तरुण दिसता हो' वगैरे. मीच पेढे वाटले. त्याच गुरुजींच्या जातकुळीतल्या कोणीतरी ती तारीख लिहिली असणार, आणि पोराच्या वाट्याला शाल नव्हती, एवढंच. हसूच आलं मला रिक्षात. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन. "मॅडम, मोठं झालं की आता लेकरू. मग सोडतेल ना?" मोठं झालं म्हणून लांब नेलं, हे कसं सांगायचं? सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मागे कोंबड्या ऐकू येत होत्या.

एप्रिलचं मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? सांगून मलाच हलकं वाटलं असतं.

जेवण झाल्यावर पुरवणी अहवाल लिहायला घेतला. छापील नमुन्यात पहिलाच रकाना 'बालकाचे नाव'. तो मी खोडणार नाही, आणि लिपिकांनी खोडलेलं पुन्हा लिहायला लावणार, बारा तारखेच्या आत. भांडकुदळ म्हणतातच, अजून थोडं म्हणतील.

शनिवारी सहाची गाडी, दोन ठिकाणी बदलायची. आईला स्टँडवर कँटीनपाशी उभं राहा म्हटलंय. मागच्या दिवाळीचा नवाच सदरा पेटीत आहे, होईल का म्हणून विचारत होती.

नाही होणार, म्हटलं. तरी घेऊन ये.