कुत्र्याचे ओरखडे आणि डिपॉझिटचा हिशेब

घर सोडायच्या दिवशी मालकांची कपातीची यादी व्हॉट्सॲपवर आली. बेडरूमचं नवीन दार ९,५००, सगळ्या घराचा रंग २४,०००, एका खोलीचं लाकडी फ्लोअरिंग ११,०००, बाल्कनीच्या मच्छरजाळ्या ३,०००. एकूण ४७,५०० रुपये, डिपॉझिट ६०,०००. पुण्यातला टू बीएचके, अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार आणि आमची कुत्री. शेवटी कापले गेले ८,५५६ रुपये. मधला फरक कसा निघाला ते तपशिलात लिहितो आहे, कारण घरात प्राणी असला की भाडेकरूला आधीच ओशाळल्यासारखं होतं आणि तो पहिल्याच आकड्याला मान डोलावतो.

जबाबदारी आपलीच असते, हे आधी मान्य करावं. लिव्ह अँड लायसन्सच्या नेहमीच्या मसुद्यात अट असते की जागा आहे त्या स्थितीत ठेवायची आणि झालेलं नुकसान स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं, नेहमीच्या वापराची झीज सोडून. कुत्र्याने दार खरवडलं तर ती झीज नव्हे, नुकसान आहे. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण त्याने फ्लॅटमधल्या दाराचा खर्च माफ होत नाही.

आमच्या करारात आणखी एक ओळ होती: ‘पाळीव प्राण्यामुळे नुकसान झाल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही.’ ही वाचून घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम ठरलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्सच्या २०१५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. दार, फरशी, रंग हे सगळं मोजता येतं. म्हणून मी मालकांना एवढंच लिहिलं: यादीतली प्रत्येक बाब वेगळी घेऊ, तुमचा एक सुतार, माझा एक सुतार, दोन कोटेशन. ते तयार झाले.

सुरुवात दारापासून. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर तो वरवरचा डाग, पुसून किंवा पॉलिशने जातो. नख अडकलं आणि आत तपकिरी रेघ दिसली, तर सनमायका फाटलाय, कारण रंगीत थराखाली त्याचा गाभा तपकिरी कागदाचा असतो. आमच्या दाराची खालची दोन फूट अशीच होती. पण आतलं फ्लश डोअर, म्हणजे सनमायकाखालचं सपाट दार, शाबूत होतं, वाजवून पाहिलं तर कुठेही पोकळ आवाज नव्हता. मग दार बदलायचं कशाला? आठ बाय चारचा एक शीट, फेविकॉल आणि मजुरी धरून एका बाजूचा सनमायका २,८०० मध्ये नवा झाला. चौकट चावलेली असेल तर मात्र वेगळं: लाकडाची पुट्टी (लांबी) भरून, १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर मारून पॉलिश करावं लागतं, आणि कोपराच गेला असेल तर सुतार तेवढा तुकडा जोडून देतो.

फ्लोअरिंग हे सगळ्यात चिवट प्रकरण. लॅमिनेटच्या, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या दाबीव पट्ट्यांच्या, सांध्यातून लघवी खाली गेली की आतला दाबलेला लाकडी भुसा फुगतो आणि वाळला तरी पुन्हा बसत नाही. सात पट्ट्या फुगल्या होत्या. त्यातल्या बाल्कनीच्या दाराजवळच्या दोन पावसाच्या पाण्याने आधीच फुगलेल्या होत्या. राहायला आलो त्या दिवशीचे फोटो मालकांना ईमेलने पाठवलेले होते, तारखेसकट. ते नसते तर त्या दोन पट्ट्याही आमच्याच नावावर पडल्या असत्या. मालकांचं म्हणणं होतं की ही शेड आता मिळत नाही, म्हणून पूर्ण खोली बदला. त्यावर सुतारानेच तोड काढली: क्लिक पद्धतीची, म्हणजे शेजारच्या पट्टीत अडकवलेली पट्टी मधून उचलता येत नाही, स्कर्टिंग काढून भिंतीपासून फ्लोअरिंग उकलावंच लागतं. मग उकललेच आहे तर पलंगाखालच्या चांगल्या पट्ट्या दारापाशी आणायच्या आणि जवळच्या शेडच्या नव्या पट्ट्या पलंगाखाली घालायच्या. एक बॉक्स २,०००, मजुरी १,५००. पट्ट्या सुट्या मिळत नाहीत, त्यामुळे बॉक्स पूर्ण आमच्या खर्चाने घेतला.

वासाचं काम हँडओव्हरच्या आधीच उरका. लघवीतलं युरिक ॲसिड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून फिनाइलने पुसलं तरी दमट हवेत वास परत येतो. एन्झाइमचा क्लीनर भरपूर ओतून डाग पूर्ण ओला ठेवावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ थांबावं. घाई केली की काम फसतं. वाळलेले डाग अंधारात यूव्ही टॉर्चने दिसतात. टाइल्समधलं सिमेंटचं ग्राउट वास शोषतं, तिथे जास्त वेळ द्या. ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वाफ निघते. मार्बलवर ॲसिड किंवा व्हिनेगर तर अजिबात नको, चकाकी कायमची जाते.

रंगाचे २४,००० टिकण्यासारखे नव्हतेच. कुत्री टेकून बसायची ती हॉलची एकच भिंत मळली होती, १२ बाय १० फूट. ठिगळ उठून दिसतं म्हणून पूर्ण भिंत धरली: १२० चौरस फूट, २२ रुपयांनी २,६४०. रंगाचं आयुष्य पाच वर्षं मानलं, आम्ही येण्याआधीचं एक आणि आमची जवळपास दोन अशी तीन वापरून झालेली, म्हणून पाचातले दोन भाग, १,०५६. असा तक्ता कायद्यात छापलेला नाही, पण भरपाई झालेल्या नुकसानीची असते, जुन्याच्या जागी नवं मिळवण्याची नाही, हे मालकांनाही पटलं. दोन जाळ्यांचे १,२००.

या सगळ्यात एक चूक फार महागात पडू शकते: डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ली न देणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्क लागू शकतं. किल्ली द्यावी, पोच लेखी घ्यावी, वाद कागदावर चालू ठेवावा. बोलणं फिसकटलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो. तिथून लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं.

नव्या घराच्या नोंदणीकृत करारातच आम्ही ही अट घालून घेतली, व्हॉट्सॲपवर ठेवली नाही: ‘परवानाधारकासोबत एक कुत्रा राहील. त्याने केलेल्या नुकसानीचा प्रत्यक्ष दुरुस्तीखर्च, बिल दाखवून आणि वस्तूचे वय विचारात घेऊन, डिपॉझिटमधून वजा होईल. दारे, फरशी, भिंती व जाळ्यांची आजची स्थिती सोबतच्या फोटोंप्रमाणे उभय पक्षांस मान्य आहे.’